सकपाळ गुरुजींचे खेकडे

आमच्या शाळेत सव्वा महिना सात हा आकडा नव्हता. सहा होता, आठ होता, मधला गायब. खोटं वाटेल, पण मी त्या शाळेत सहशिक्षिका होते आणि सहा अधिक एक किती, असं विचारल्यावर दुसरीतल्या मनस्वीनं मला अगदी शांतपणे सांगितलं होतं, "बाई, ते आपल्या शालंत नाय."

शाळा कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीची. दोन खोल्या, नऊ मुलं, दोन शिक्षक. वाडीतले बरेच बाप्ये मुंबईला कामाला. त्यांच्या मंडळानं एका गणपतीत शाळेला कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं, आणि तो आला तोही गणपतीच्याच टेम्पोतून, मूर्तीच्या शेजारी बसून. नवी वस्तू दाराशी आली की वाडीतल्या बायका ती ओवाळल्याशिवाय आत घेत नाहीत. गाय असो, मोटारसायकल असो, नाहीतर सून. कॉम्प्युटरलाही पाट मांडला. पडद्याला कुंकू लावलं, माऊसला हळद लावली आणि कीबोर्डवर मूठभर अक्षता टाकल्या. त्यातला एक तांदूळ बरोब्बर साताच्या बटणाखाली जाऊन बसला. आमचे मुख्याध्यापक सकपाळ गुरुजी तेव्हा हात जोडून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून आत देवच येतोय असं कुणालाही वाटलं असतं.

बटण दबेना. दुरुस्तीला महाडला न्यायचं, तर गुरुजींचा जीव होईना. "आजच आलाय आणि आजच दवाखान्यात?" असं म्हणून त्यांनी ते टाळलं, आणि आपण बनवलेल्या, उत्तर टाइप करायच्या पहिल्यावहिल्या बेरजेच्या खेळातून ज्या ज्या उत्तरात सात येतो, ती सगळी गणितं काढून टाकली. सत्तावीस गेले, सदतीस गेले, सत्तरचं अख्खं घराणं गेलं. शेवटी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंताकाकूंनी डोक्यातला आकडा काढला, बटण उचकटलं आणि तांदूळ बाहेर काढला. तो त्यांनी फेकला नाही, तुळशीत टाकला. त्या दिवशी गुरुजींनी मुलांना साताचा पाढा तीनदा म्हणायला लावला आणि सगळ्यांना गूळ वाटला.

हा माणूस शिवथरच्या खोऱ्यातला. उंच, वाकलेला, हात कायम पाठीमागे बांधलेले. मुलांनी त्यांना सर म्हटलं की ते मागे वळून कोण आलंय ते बघायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पेन ड्राइव्ह. आंघोळीच्या वेळी ती खुंटीला लावतात, असं त्यांच्या बायकोनं मला कपाळाला हात लावून सांगितलं होतं. मुलाचं उत्तर चुकलं, तर 'चूक' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "जवळून गेलास रे," म्हणायचे. आठ अधिक पाचाला कुणी शंभर सांगितलं तरी जवळून गेलास. मी एकदा न राहवून विचारलं, "गुरुजी, शंभर जवळ?" तर म्हणाले, "दोनशेपेक्षा जवळच ना, बाई?"

कॉम्प्युटर ते सत्तावन्नाव्या वर्षी शिकले. त्या गणपतीच्या जरा आधी महाडला आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. आम्ही बाकीचे सह्या करत होतो आणि वडे कधी येतात याकडे डोळे लावून बसलो होतो. गुरुजी पहिल्या रांगेत, वहीला समास आखून. तिथं लहान मुलांसाठी रंगीत ठोकळे एकाला एक जोडून खेळ तयार करण्याचं एक फुकटचं साधन दाखवलं. गुरुजींनी ते असं काही उचललं की परतीच्या एसटीत ते माझ्याशी नाही, हवेतल्या ठोकळ्यांशी बोलत होते.

त्या प्रशिक्षणात एक तयार खेळही मिळाला होता. बर्फ, त्यावर पेंग्विन, आणि बरोबर उत्तर दिलं की पेंग्विनला मासा. आमच्या मुलांनी गणिताकडे ढुंकूनही बघितलं नाही. ही कोट घातलेली बदकं कुठं मिळतात, ती अंडी किती घालतात आणि खायला चालतात का, यातच तास संपला. गुरुजींनी बंद पडद्याकडे बघत मान हलवली. "बाई, यांना बर्फ फक्त गोळ्यातला माहीत. यांचं गणित यांच्या वहाळात पाहिजे."

आणि मग खेकडे आले.

आधी पडद्यावर. चार बिळांतून चार खेकडे, प्रत्येकाच्या पाठीवर एक आकडा, वर गणित. बरोबर खेकडा दाबला की तो टोपलीत. महिनाभर खपून गुरुजींनी खेळ तयार केला आणि मोठ्या अभिमानानं मुलांसमोर मांडला. मुलांनी पडद्याला नाकं लावली. मग चौथीतला प्रथमेश म्हणाला, "गुरुजी, खेकडा असा सरळ चालत नाय."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गणित बघ, चाल काय बघतोस. गुरुजींचा चेहरा मात्र पडला. दुसऱ्या दिवशी ते वहाळातून, म्हणजे वाडीच्या ओढ्यातून, बादलीभर खेकडे घेऊन शाळेत हजर. चालीचा अभ्यास करायचा होता. बादली वर्गाच्या मध्यावर, भोवती नऊ मुलं पालथी पडलेली आणि गुरुजीही त्यांच्यात पालथे, वहीत बाण काढत असलेले. मी फळ्यावर तारीख लिहायला वळले आणि बादली कलंडली. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण मी टेबलावर होते. मुलं किंचाळत खेकडे मोजत होती, "सहा धरले, पाच ऱ्हायले!" आणि गुरुजी खालून ओरडत होते, "मग एकूण किती? एकूण किती रे?" एक खेकडा हजेरीपटावरून आडवा चालत गेला. शेवटचा सापडेना, तेव्हा मी टेबलावर बसूनच दुपारचा तास घेतला. त्यानंतर पडद्यावरचे खेकडे इतके झकास तिरके चालायला लागले की मला ते बघूनही पाय वर घ्यावेसे वाटत.

आमच्याकडे लाईट म्हणजे पाहुणी, आली तर आली. पण गुरुजींचा खेळ लाईटवाचून अडला नाही. लाईट गेली की मुलंच कॉम्प्युटर व्हायची. चौघं खेकडे होऊन तिरके चालत यायचे, छातीवर आकड्याची पाटी. एकजण माऊस, तो खेळणाऱ्याच्या बोटाबरोबर जमिनीवर सरपटायचा. एकीला नुसतं 'टिंग' म्हणायचं काम असायचं आणि त्यासाठी भांडणं व्हायची. एकदा लाईट परत आली तरी कुणी जागचं हललं नाही. पडद्यावरचे खेकडे बिचारे एकटेच फिरत राहिले.

आता आवाजांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथं झाला. उत्तर बरोबर आलं की 'शाब्बास' आणि चुकलं की 'पुन्हा प्रयत्न कर' असं काहीतरी खेळात वाजायला हवं होतं. शाब्बास गुरुजींनी स्वतः म्हटलं. ते ऐकून कुणाला सरकारी नोटीस वाचताहेत असंच वाटावं. चुकल्याचा आवाज शेवंताकाकूंचा घ्यायचं ठरलं. पण मोबाइल समोर धरला की काकू ताठ व्हायच्या, पदर सारखा करायच्या आणि 'पुन्हा' या शब्दावरच त्यांचा घसा कोरडा पडायचा. गुरुजींनी युक्ती केली. मोबाइल खिशात चालू ठेवला आणि चुलीपाशी जाऊन भोळ्या चेहऱ्यानं विचारलं, "काकू, आठ आणि सहा तेरा ना?"

काकू उसळल्या. "तेरा? चौदा व्हतात चौदा! कुनी केलंय तुमाला मास्तर?"

असं आठवडाभर चाललं. गुरुजी रोज नवं चुकीचं गणित घेऊन जायचे, कधी स्वतः विचारायचे, कधी एखाद्या पोराला नाहीतर पोरीला विचारायला लावायचे, आणि बोलणी खाऊन खूश होऊन यायचे. "आरं, डोलं हायत का बटनं?" "घाई कसली रे मेल्या, गाडी सुटली काय तुजी?" "गो बाय, हे उत्तर तुला सपनात दिसला काय?" अशी सात-आठ रत्नं जमली. काकूंना कळलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग तीनदा ऐकलं, आणि मग नवऱ्याला बोलावून आणून ऐकवलं.

व्हायचं तेच झालं. महिन्याभरात अख्ख्या शाळेला गणित येईनासं झालं. चुणचुणीत पोरांना दहापैकी शून्य. गुरुजींची झोप उडाली. मग एक दिवस खिडकीबाहेर उभं राहून त्यांनी बघितलं, आणि मला खुणेनं बोलावलं. आत मुलं आधी बरोबर उत्तर कोणतं ते नीट ठरवत होती, आणि मग ते सोडून दुसरा खेकडा दाबत होती. काकू ओरडल्या की एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. गुरुजी इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग त्यांनी मुलांशी तह केला. आधी दहा बरोबर द्यायची, त्याचं बक्षीस म्हणून तीन चुकवायची. जगात दुसऱ्या कुठल्या शाळेत चूक बक्षीस म्हणून मिळत असेल, असं मला वाटत नाही. पण आमची पोरं त्या तीन चुकांसाठी धडाधड बेरजा-वजाबाक्या करायला लागली.

आणि अशा वेळी निरोप आला, की अधिकारी मॅडम शाळा बघायला येणार आहेत.

नऊ पटाची शाळा चालू ठेवायची की खालच्या मोठ्या शाळेत मिसळायची, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. खालची शाळा चार किलोमीटर, मधे वहाळ. वाडीतल्या आयांनी सांगूनच टाकलं होतं, की बारकी पोरं एवढ्या लांब धाडणार नाही, त्यापेक्षा बिऱ्हाड मुंबईला हलवू. गुरुजी मला म्हणाले, "बाई, शाळा खाली गेली की वर्षभरात वाडी मुंबईला जाते. मागे राहतात म्हातारे आणि खेकडे." हसत म्हणाले, पण त्या आठवड्यात त्यांनी दाढीही केली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मॅडम आल्या. जीप खाली ठेवून चढण चढून आल्यामुळे लालबुंद झालेल्या. काकूंनी पाणी दिलं. गुरुजींनी कॉम्प्युटर लावला आणि प्रथमेशला पुढं बसवलं. पाच अधिक चार. प्रथमेशनं बारा दाबला. "डोलं हायत का बटनं?" काकूंचा आवाज खोलीभर घुमला. मॅडम दचकल्या. पुढचं गणित, पुन्हा चूक. दहापैकी दहा चूक. मग तिसरीतली आरोही बसली. दहापैकी दहा चूक. मॅडमचं पेन वहीवर चालायला लागलं. गुरुजी भिंतीसारखे पांढरे. मुलांना 'आज बक्षिसाचं नाही, आज आधी बरोबर' असं सांगायचं ते विसरले होते, आणि मीही. पाहुण्यांना घरातलं सगळ्यात चांगलं तेच वाढायचं, हे तर वाडीत दुधाबरोबर शिकवतात. मुलं मॅडमना चुका वाढत होती, आग्रह करकरून.

मग मनस्वी बसली. सहा गणितं तिनं लीलया चुकवली. सातव्याला माऊस घसरला, खेकडा टोपलीत गेला आणि "शाब्बास" अशी नोटीस वाजली. मनस्वीनं भोकाड पसरलं.

मॅडम घाबरून उठल्या. "काय झालं गं बाळा?"

"माजं बरोबर आलं!" मनस्वी हुंदके देत म्हणाली.

"अगं, मग चांगलंच झालं की!"

"मला काकू ऐकवायची हुती तुमाला!"

"कोण काकू?"

दारात शेवंताकाकू खिचडी ढवळायचा डाव घेऊन उभ्या होत्या. आपलाच आवाज सव्वीस वेळा ऐकून त्या खिचडी सोडून आल्या होत्या. "मी ती," म्हणाल्या आणि डाव पदराआड लपवला.

मग गुरुजी बोलले. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण त्यांचा आवाज कापताना मी तेवढ्या एकाच वेळी ऐकला. "मॅडम, चार खेकड्यांतला एक बरोबर असतो. डोळे मिटून दाबलं तरी चारातून एखादं बरोबर येतंच. सव्वीसच्या सव्वीस चुकवायची, तर सव्वीसच्या सव्वीस उत्तरं यावी लागतात. यांना येतात. तुम्ही तोंडी विचारा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मनस्वीला जवळ ओढून विचारलं, "नऊ आणि आठ?"

"सतरा," मनस्वी नाक पुसत म्हणाली.

"तेवीसातून नऊ गेले?"

"चौदा. सोप्पं नको."

मॅडमनी नऊही मुलांना विचारलं. एकही पोर अडलं नाही, आणि एकही पोर खूश दिसत नव्हतं, कारण काकूंचा आवाज बंद होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सरका जरा," आणि स्वतः स्टुलावर बसल्या. तिसऱ्याच गणिताला आवाज आला, "कुनी केलंय तुमाला मास्तर?" आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो. मॅडम आधी एकटक पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग टेबलावर डोकं टेकून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मी मुद्दाम चुकवलं हं." आम्ही सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या. जेवायला थांबून त्यांनी दोनदा खिचडी घेतली.

दीड महिन्यानं कागद आला. शाळा आहे तिथंच राहणार होती. मी अक्षरशः उड्या मारल्या, काकूंनी शिरा केला. गुरुजींनी कागद घडी करून फायलीत ठेवला, फाइल कपाटात ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता माझ्या निवृत्तीचे कागद तेवढे बघून घेऊ. एकोणीस दिवस राहिलेत." मला वाटत होतं, हा माणूस आपल्या उरलेल्या नोकरीसाठी झटतोय. उरलेली नोकरीच नव्हती. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी शिरा घेऊन उगाचच बाहेर गेले.

शेवटच्या दिवशी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, झेंडूचा हा एवढा हार. गुरुजींनी भाषण केलं नाही, हात जोडले, स्कूटरवर बसले आणि गेले. मुलं घरी पांगली. मी खुर्च्या आवरत होते, तर चढणीवर पुन्हा स्कूटरचा आवाज. गुरुजी परत येत होते. हार तसाच गळ्यात, पुढं एक सहा वर्षांची मुलगी उभी, आणि मागून बॅग घेतलेली एक बाई धापा टाकत चालत येत होती. वाडीतलीच सून ती, मुंबईहून आलेली.

"शाळा ऱ्हायली म्हनं इथंच," ती मला म्हणाली. "म्हनून आले हिला घेऊन. सासू एकटीच हाय घरात. शाळा नसती तर कशी आले असते?"

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पाचपर्यंत मुख्याध्यापक मीच आहे. बाई, रजिस्टर काढा."

त्यांनी उभ्यानंच नाव लिहिलं. दहावं. अक्षर नेहमीसारखंच टपोरं. मुलगी आईच्या साडीत तोंड खुपसून होती. तिला नाव विचारलं, सांगेना. गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जाऊन कॉम्प्युटर लावला, स्टूल ओढलं आणि तिच्याकडे पाठ करून एकटेच खेळायला लागले. थोड्या वेळानं ती त्यांच्या कोपराशी आली. मग स्टुलावर चढली. मग तिनं एक खेकडा दाबला. "घाई कसली रे मेल्या," काकू कडाडल्या. मुलगी घाबरून गुरुजींच्या हाराला बिलगली, पडद्याकडे बघत राहिली, आणि खुदकन हसली. तिनं माऊस स्वतःकडे ओढून घेतला.

पाचाचा ठोका पडायला आला तेव्हा पडद्यावर पाच अधिक चार होतं आणि ती बोटं उघडून मोजत होती. एक हात पुरेना म्हणून दुसरा काढला होता. गुरुजी हळूच उठले. तिनं वरही बघितलं नाही. मी निरोपाचं काही बोलणार, नमस्काराला वाकणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चपला हातात घेतल्या आणि हार सळसळू नये म्हणून छातीशी धरून ते पाय न वाजवता बाहेर गेले. स्कूटर सुरू केली नाही. नुसती उतारावर सोडली आणि आवाज न करता वळणाआड गेले.

आत ती पोरगी म्हणाली, "नऊ."